बोटभर माणसांचे चेहरे

मी पेंटर आहे. चित्रकार नव्हे, पेंटर. कोरपन्यात दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरची वाक्यं, ट्रकच्या मागचे नंबर, जयंतीचे बोर्ड, हे सगळं मी गेली तीसेक वर्षं लिहीत आलो. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम बरंच आटलं. तरी माझं अक्षर म्हटलं की जुने लोक अजून मान डोलावतात. दोन फूट उंचीचा 'क' मी आखणी न करता एका दमात काढतो, आणि त्याच्या दोन्ही वाट्या सारख्या येतात. या गोष्टीचा मला गर्व होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू.

माझी बायको शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. तिची मशीन पुढच्या खोलीच्या खिडकीशी आहे आणि माझे डबे-ब्रश त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. पंचवीस वर्षं आम्ही एका खोलीत दोन कामं केली, पण तिनं कधी माझ्या ब्रशला हात लावला नाही आणि मी तिच्या सुईला.

मागच्या हिवाळ्यात सिमेंट कारखान्याच्या कॉलनीतून बोलावणं आलं. कॉलनीत देशभरातले लोक राहतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या क्लबात दरवर्षी मुलांसाठी देखावा मांडतात. एका वर्षी बर्फाचं गाव होतं, एका वर्षी समुद्राचा तळ. या वेळी जादूनगरी करायची होती. क्लबाचं काम पाहणाऱ्या मॅडमनी माझ्यासमोर दोन खोके उघडले. आत राखाडी रंगाच्या बोटभर मूर्ती होत्या, एकूण छत्तीस. जादूगार, बुटके, पऱ्या, पंखवाला ड्रॅगन, वरून माणूस आणि खालून घोडा असलेले शिपाई, एक राणी, एक चेटकीण. सोबत रंगांच्या चिमुकल्या बाटल्या आणि कोणाला कोणता रंग द्यायचा ते दाखवणारी छापील कार्डं.

मॅडम म्हणाल्या, "पेंटर भैया, बच्चे एकदम पास से देखेंगे. चेहरे अच्छे आने चाहिए."

"फिकर मत करो मॅडम," मी म्हटलं.

घरी आणून मी सगळ्यांना पांढरा प्रायमर मारला. ती छत्तीस माणसं फळीवर वाळत उभी राहिली तेव्हा मला कामाची मजाच वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला जादूगार घेतला. झगा निळा, दाढी पांढरी, तिथवर झकास. मग डोळे आले. तोंड हरभऱ्याच्या दाण्याएवढं. त्यात दोन डोळे. मी शून्य नंबरचा, सगळ्यात बारीक ब्रश घेतला, श्वास धरला आणि टेकवला. एक डोळा भुवईत गेला. पुसून पुन्हा केला, तर दोन्ही डोळे नाकाकडे पाहायला लागले. तिसऱ्यांदा रंगाचा थर एवढा जाड झाला की चेहऱ्याचा गोळाच झाला. दुपारपर्यंत मी तीन जण बिघडवले होते.

बायको मशीनवरून पाहत होती. म्हणाली, "अजी, हात कापून राह्यला का तुमचा?"

"हात नाई कापत. तोंडच लहान आहे."

"दाखवा बरं."

मी एक बुटका तिच्या हातात दिला, तो थोडा थट्टेनंच. तिनं ब्रश घेतलाच नाही. पिनकुशनमधली एक सुई काढली, तिच्या बोथट टोकाला काळ्या रंगाचा कण लावला, बुटक्याला उजेडाकडे वळवलं आणि टेकवलं. एकदा, दोनदा. मग टोकदार बाजूनं पांढऱ्याचा त्याहून लहान कण ठेवला. मिनिटही लागलं नसेल. बुटका तिनं माझ्यापुढे उभा केला.

तो माझ्याकडे पाहत होता.

मला हे दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. रंगवलेली मूर्ती आणि पाहणारी मूर्ती यांत काय फरक असतो ते त्या क्षणी मला कळलं, आणि कळल्याचा आनंद झाला नाही.

"बरं आहे," मी म्हटलं. "डोळे तू कर. बाकी मी पाहतो."

असं ठरलं. कपडे, चिलखतं, पंख, पायांखालच्या गोल चकत्या मी करायच्या, डोळे तिनं. पण डोळ्यांमागून भुवया आल्या, भुवयांमागून ओठ. एक दिवस तिनं मला न विचारताच एका परीच्या गालावर पातळ गुलाबी रंग पसरला आणि बोटानं पुसून घेतला, पावडर पुसतात तसा. कार्डावर तसं नव्हतं. पण परी सोळा वर्षांची पोरगी दिसायला लागली. आठवड्याभरात असं झालं की मी बुडापासून गळ्यापर्यंत रंगवायचो आणि गळ्यापासून वरचं सगळं तिचं. शेजारच्या बाया ब्लाउजचं माप द्यायला यायच्या त्या फळीपाशीच थांबायच्या. "अवं माय, हा तर हसून राह्यला!" कोणी माझ्या चिलखतांकडे पाहत नव्हतं. मी चिलखताच्या एकेका पत्र्याला वेगळी चकाकी दिली होती.

मी वाईट वागायला लागलो. मोठं काही नाही. ती सुई टेकवणार, श्वास धरणार, नेमकं तेव्हाच मी म्हणायचो, "चहा ठेवतेस का?" पहिल्यांदा ती उठली. दुसऱ्यांदाही उठली. तिसऱ्यांदा मान वर न करता म्हणाली, "दूध वर आहे. ठेवा तुमीच." मी चहा केला आणि रागानं तिच्या कपात साखर टाकली नाही. तिनं तो तसाच पिऊन टाकला. तिच्या लक्षातही आलं नाही. कामात बुडालेल्या माणसाला चव कळत नाही, हे मला ठाऊक आहे, कारण एके काळी मी असाच बुडायचो. त्याचा मला जास्त राग आला.

मनाची समजूत मी अशी घातली होती की दोष डोळ्यांचा आहे. पन्नाशी उलटलेली, आयुष्यभर मोठ्या अक्षरांचं काम, जवळचं पाहायची सवयच नाही. म्हणून बस धरून चंद्रपूरला गेलो, डोळे तपासले आणि चष्मा करून आणला. घरी ती आंघोळीला गेलेली होती. मी चष्मा लावला, तिचे सगळे चेहरे खिडकीत मांडले आणि एकेक हातात घेऊन पाहिला. मला वाटलं होतं, आता चुका दिसतील. एक भुवई लांब, एक ओठ तिरका, काहीतरी.

चुका होत्याच. एकाही बुटक्याचे दोन डोळे सारखे नव्हते. पण एक कंटाळलेला होता, एक लबाड, एकाला नुकतंच कोणीतरी रागावलेलं होतं. चष्म्याशिवाय मला यातलं निम्मंच दिसलं होतं.

मग मी स्वतः एक शिपाई घेतला. चष्मा लावून, तिच्याच सुईनं डोळे केले. हात जराही हलला नाही. दोन्ही डोळे अगदी एका मापाचे, एका ओळीत आले, आणि पाटीवरच्या अनुस्वारासारखे दिसत होते. मी ते पुसून टाकले आणि त्या शिपायाला पुन्हा बिनडोळ्यांचा करून फळीवर ठेवला. तिनं त्याच संध्याकाळी त्याला डोळे दिले.

आमची मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा बायकोनं फोन फळीवरून फिरवला. पोरगी ओरडलीच, "बाबा, किती मस्त! हे तुम्ही केलं?"

मी तोंड उघडलं होतं. त्याआधीच बायको म्हणाली, "अंगं बाबांनी केले. तोंडं मी."

"आई, तू? तुला येतं हे?"

"मले काय मालूम होतं येते म्हून!"

दोघी हसत होत्या. पोरगी लहान होती तेव्हा माझ्या मांडीवर बसून अक्षरं पाहायची. रंगाच्या हातानं मी तिच्या नाकावर ठिपका द्यायचो. आता ती आईला विचारत होती, हे कसं केलं, ते कसं केलं. मी बाहेर जाऊन स्कूटरला उगीच किक मारली आणि कुठंही न जाता परत आलो.

चेटकीण तिनं शेवटी घेतली. कार्डावर चेटकीण हिरव्या अंगाची, लाल डोळ्यांची, पाठीवर वाळक्या फांद्यांचा भारा घेतलेली होती. बायकोनं तिला सावळी केली. कानाजवळचे केस पांढुरके केले. एक डोळा किंचित बारीक, चुलीच्या धुरात राहून राहून होतो तसा. ओठ दाबलेले. तीन दिवस ती त्या एकाच तोंडावर होती. मधेच ठेवून द्यायची, दोन ब्लाउज शिवायची, पुन्हा घ्यायची. पूर्ण झाल्यावर तिनं ती इतरांमध्ये न ठेवता मशीनच्या फळीवर, स्वतःजवळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. ती दोरे आणायला गेली. मी घरात एकटा होतो. चेटकिणीला उचललं, चष्म्यातून पाहिलं.

माझी सासू धानोऱ्याकडच्या एका खेड्यातली. मोह वेचायची, तेंदूची पानं खुडायची, भारा डोक्यावर नाही तर पाठीवर आणायची. लग्नानंतर आठ-नऊ वर्षं मी तिला पाहत होतो. तिचा एकसुद्धा धड फोटो नाही. आमच्या लग्नाच्या फोटोत ती आहे, पण नेमकी मान वळवलेली. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

मी ओळखलं. बघताक्षणी ओळखलं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की एवढं माझ्या हातून कधीच झालं नाही आणि होणारही नाही. तीस वर्षांत मी एक तरी वस्तू अशी केली का, की जिच्यात गेलेलं माणूस दिसावं? हिनं तीन आठवड्यांत केली, आणि तेही सुईनं.

मी माझा स्वतःचा लाल ऑइल पेंटचा डबा उघडला, ज्यानं मी ट्रकवर 'धोका' लिहितो तो. ब्रश बुडवला आणि दोन्ही डोळे लाल करून टाकले. ओठही लाल केले. हे मी रागाच्या झटक्यात केलं असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी सावकाश केलं. कार्ड समोर ठेवून केलं.

झाल्यावर मात्र ते मला बघवेना. मी कापूस घेतला, समोरच्या बाटलीतलं ओतलं आणि पुसलं. ते थिनर होतं. टर्पेंटाईन घेतलं असतं तर वरचा लाल निघाला असता आणि खालचं कदाचित वाचलं असतं. तीस वर्षांच्या पेंटरला हे कळत नाही असं कोण मानेल? पण माझा हात थिनरवर गेला. लाल निघाला, आणि त्याच्यासोबत सगळा चेहराही कापसावर आला.

ती परत आली तेव्हा मी ते लपवलं नाही. लपवायला जागाच नव्हती. तिनं दोऱ्यांची पिशवी ठेवली, मूर्ती उचलली.

"हे काय झालं?"

"कार्डावर लाल डोळे आहेत," मी म्हटलं. "हिरवं अंग आहे. मॅडमनं विचारलं असतं. म्हून नीट करायले गेलो."

"मंग मले सांगा लागत होतं. मी केलं असतं हिरवं."

मी थिनरच्या बाटलीचं झाकण लावलं.

"माय होती ते," ती म्हणाली.

"मले काय मालूम?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग मूर्ती फळीवर ठेवली, हात धुतले आणि भाकरी करायला बसली. आदळआपट नाही, रडणं नाही. जेवायला वाढताना तिनं नेहमीसारखंच विचारलं, भाजी आणखी देऊ का म्हणून.

दोन दिवस तिनं सुईला हात लावला नाही, म्हणजे त्या सुईला. शिवण चालू होतं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "पुन्हा काढून पाय ना. जमेल तुले."

"ते काय फर्माईश आहे का?" ती म्हणाली. "आलं होतं आपोआप. आता नाई येत. मी पाह्यलं डोळे मिटून, नाई दिसत तसी."

मग तिनं कार्ड मागितलं आणि चेटकीण हिरवी केली, लाल डोळ्यांची. चांगली केली. कोणत्याही दुकानात मिळेल तशी.

देखाव्याचा सगळा माल पोचवायचा होता त्या दिवशी आम्ही स्कूटरवर निघालो. खोके तिच्या मांडीवर. रस्त्यानं कापसाच्या गाड्या आणि सिमेंटचे ट्रक, धूळ एवढी की दोघांनीही तोंडं बांधलेली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, माझं तिला. म्हणूनच बोलता आलं असेल.

"मले मालूम होतं," मी समोर पाहत म्हटलं. "माय आहे ते. मीनं ओळखली होती."

गाडी बरीच पुढं गेली. कारखान्याच्या फाटकाजवळ आलो तेव्हा मागून आवाज आला, "मले बी मालूम होतं, तुमी ओळखली म्हून."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलून काय झालं असतं? तुमी वाईट म्हणून घेतलं असतं सोताले, अन् मले तुमची समजूत घालत बसा लागलं असतं."

एवढंच. त्यावर आजपर्यंत आमचं बोलणं झालेलं नाही.

क्लबात काचेमागे थर्माकोलचे डोंगर, कापसाचे ढग, दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. आमची माणसं त्यात उभी राहिली आणि खरंच नगरी झाली. पहिल्याच दिवशी गर्दी लोटली. मुलं काचेला नाकं लावून पाहत होती. मॅडमनी माईकवरून मला पुढं बोलावलं. "ये हैं हमारे पेंटर भैया. देखिए, एक-एक चेहरा अलग है!" टाळ्या झाल्या. मी हात जोडले. मला सांगायचं होतं का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला वाटतं, मी अजून दोन-चार टाळ्या ऐकल्या असत्या आणि मग सांगितलं असतं. किंवा नसतंही सांगितलं.

बायको बायांच्या घोळक्यात मागं उभी होती. ती तिथूनच म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चेहरे मीनं केले. कपडे त्यायनं."

लोक वळले. मॅडम हसल्या, तिला पुढं घेऊन आल्या, तिचा हात धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं, चारचौघांत ती लाजेल, पदर नीट करेल, जमिनीकडे पाहील. ती सरळ उभी होती. कोणी विचारलं, ब्रश कोणता, तर म्हणाली, "ब्रश नाई, सुई. ब्लाउजची." पुन्हा टाळ्या झाल्या, माझ्यापेक्षा जास्त. मी त्या मोजल्या नाहीत, पण कानाला कळतं.

तिनं जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. माझा वाटाही तिनं न विसरता सांगितला होता. तरी घरी जाताना मी स्कूटर खड्ड्यांतून नेली.

त्या मूर्तींचे फोटो कुठून कुठून फिरले. उन्हाळ्यात नागभीडकडच्या एका सुताराचा फोन आला. तो तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल करतो, मुलं दोरीनं ओढत नेतात ते, चाकांचे. त्याला बैलांना डोळे काढून देणारं कोणी हवं होतं. फोन माझ्या नंबरवर आला होता. मी म्हटलं, "कितीक आहेत? मी येतो." तो म्हणाला, "तुमी नाई भाऊ. बाईले द्या फोन." मी फोन दिला.

पोळ्याआधी ती तिथं राहायला गेली, सुताराच्या घरी, त्याच्या बायको-सुनांसोबत. आठ दिवस मी हातानं स्वयंपाक केला. रोज दुपारी फोन करायचो. कधी मागून हसण्याचा आवाज यायचा, कधी ती म्हणायची, "रंग ओला आहे, मंग बोलू." मला तिथल्या सगळ्यांचा हेवा वाटायचा. सुताराचा, त्याच्या सुनांचा, एवढंच काय, त्या बैलांचासुद्धा. जन्मभर एका खोलीत बसलो, पण कामाबद्दल ती माझ्याशी तसं कधी हसून बोलली नव्हती. मी तशी संधीच दिली नसेल.

नवव्या दिवशी मी तिला आणायला गेलो. सुताराच्या ओसरीत बैलांच्या रांगा लागल्या होत्या, आणि ती मधोमध चटईवर बसून होती, चष्मा लावून. तिनं चष्मा केव्हा घेतला हे मला ठाऊक नव्हतं.

"आले का?" ती म्हणाली. "बसा. वीसेक राह्यले अजून."

मी बसलो. सुताराच्या बायकोनं पाणी आणून दिलं. कोणाला माझ्याकडे पाहायला सवड नव्हती. बराच वेळ मी नुसता पाहत राहिलो. ती बैलाला उजेडाकडे वळवायची, थांबायची, मग टेकवायची. प्रत्येकाजवळ थांबायचा वेळ वेगळा. कशासाठी थांबते ते मला तेव्हाही कळलं नाही.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "चाकं बाकी आहेत. मारता का लाल पट्टा? तुमचा हात सरळ आहे, आमचा कोनाचाच येत नाई तसा."

खुशामत नव्हती ती. वेळ कमी होता आणि चाकं पुष्कळ होती. मी ब्रश मागितला. बैल आडवा धरून चाक फिरवलं आणि पट्टा मारला. कुठं सुरू झाला, कुठं संपला, ते दिसलं नाही. सुताराची सून म्हणाली, "वा भाऊ!" मला बरं वाटलं, आणि लगेच हेही वाटलं, की पोळ्याच्या दिवशी पोरं बैलाच्या तोंडाकडे पाहतील, चाकांकडे कोण पाहतं.

तरी मी सगळी चाकं केली. संध्याकाळच्या बसला अजून अवकाश होता.